पाळण्यावरची लेआ

जिन्याच्या वळणावर एक लांबलचक फळी अडकली होती, आणि फळीच्या वरच्या बाजूला साखर अडकली होती.

फळी ताजी रंधलेली, पिवळसर. तिचं एक टोक भिंतीला टेकलेलं, दुसरं कठड्याच्या गजांत घुसलेलं. खालून फक्त दोन हात दिसत होते आणि कपाळावर आलेले केस.

"जरा वर उचलता का?" खालून आवाज आला.

"मी?"

"वर दुसरं कोणी आहे का?"

"दातांचे डॉक्टर आहेत. पण त्यांचे दोन्ही हात आत्ता कोणाच्या तरी तोंडात आहेत."

"मग तुम्हीच उचला. त्यांच्याच कपाटाची फळी आहे. डावीकडे घ्या."

"कोणाच्या डावीकडे?"

"माझ्या."

"तुमचं डावं मला इथून दिसत नाही."

"मग खिडकीकडे घ्या. अजून थोडं... हं, आता सोडू नका. सोडलीत तर माझ्या डोक्यात बसेल, आणि माझं अजून लग्नही झालेलं नाही."

"ही माहिती फळीला सांगताय की मला?" साखर म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर आपलं आपल्यालाच नवल वाटून गप्प बसली. अनोळखी माणसाशी ती असं कधी बोलत नसे.

फळी सुटली. फळीमागून तो वर आला. तिशीच्या आतबाहेरचा, कानामागे पेन्सिल, पापण्यांवर लाकडाची बारीक धूळ. तिच्या दाराशी तो थबकला. दारावर पाटी होती : 'जर्मन भाषांतर. दाखले, पत्रे, इतर.'

"इतर म्हणजे काय?" त्याने विचारलं.

"जे अजून कोणी आणलं नाही, ते."

"मग ते मी आणतो," तो म्हणाला. "फळी टाकून आलोच."

आता साखर हे काही तिचं कागदोपत्री नाव नव्हे. ते तिच्या बाबांनी ठेवलेलं, आणि कौतुकाने ठेवलेलं नव्हे. बाबांचं खाली चष्म्यांचं दुकान, वर तिची ही खोली. लोक जर्मनमधले दाखले आणत, यंत्रांची माहितीपत्रकं आणत, परदेशातल्या नातेवाइकांची पत्रं आणत. दाखला आणि यंत्र यांच्या बाबतीत तिचं काम चोख. पण पत्रात कोणी कोणाला टोचून बोललं की तिचा हात आपोआप मऊ व्हायचा. एकदा एका कारखानदाराला तिकडच्या कंपनीने चिडून लिहिलं की तुमची दिरंगाई आता सहन होत नाही. साखरने त्याचं केलं, 'आपल्या सवडीची आम्ही वाट पाहत आहोत.' त्या भल्या माणसाने खरोखरच सवड घेतली. पुढे काय झालं ते विचारू नका. तेव्हापासून बाबा म्हणत, "हिच्या हातून गेले की सगळे जर्मन आपल्या मावशीसारखे बोलायला लागतात." आणि तेव्हापासून ती साखर.

तो परत आला तेव्हा तोंड धुऊन आला होता. फक्त पापण्या धुवायच्या राहिल्या होत्या. खुर्चीवर अगदी टोकाला बसला.

"मी पाळणे करतो," त्याने सुरुवात केली. "कपाटं, फळ्या, हे सगळं पोटासाठी. खरं काम पाळण्यांचं. आमच्याकडे आजोबांपासून एक रीत आहे. पाळण्याच्या डोक्याकडच्या फळीवर बाळाचं नाव कोरायचं नाही. नावाचा अर्थ कोरायचा, चित्रात. बाळाला वाचता थोडंच येतं? चित्र मात्र पहिल्या दिवसापासून दिसतं."

"आणि नावाचा अर्थ 'विजय' असेल तर?"

"केलाय मागच्याच महिन्यात. टेकडीच्या माथ्यावर पोचलेली गोगलगाय."

साखरला हसू आवरलं नाही. तोही हसला. मग त्याने खिशातून फोन काढून एक फोटो दाखवला. मुठीएवढा चेहरा, डोळे गच्च मिटलेले.

"ही माझी भाची. ताईने तिकडे जर्मन मुलाशी लग्न केलंय. ही वेळेआधीच आली. कित्येक दिवस काचेच्या पेटीत होती. आता घरी आणलीय. नाव ठेवलंय लेआ. ताईला अर्थ विचारला तर म्हणते, सासरचं जुनं नाव आहे, छान आहे, आणि आता मला झोपू दे."

"फोनवर शोधलं नाहीत?"

"शोधलं ना. एक म्हणतो सिंहीण. दुसरा म्हणतो कुरण. तिसरा आणखी काहीतरी. आता काय कुरणात सिंहीण बसवू? पटाशी एकदा चालली की लाकूड माघारी येत नाही हो. म्हणून म्हटलं, शंभर ठिकाणी बघण्यापेक्षा एका खऱ्या माणसाला विचारावं."

एका खऱ्या माणसाला. साखर उठली आणि कपाटातून जर्मन नावांचा जाडजूड कोश काढला. पानं उलटली. लेआ : बायबलमधून जर्मनमध्ये आलेलं, मूळ हिब्रू नाव. सिंहीण आणि कुरण या दुसऱ्याच भाषांतल्या गोष्टी, त्यांचा इथे संबंध नाही. इथवर ठीक होतं. मग पुढची ओळ. अर्थ निश्चित नाही. बहुधा 'दमलेली, कष्टून थकलेली', किंवा 'रानगाय'.

तिने ओळ पुन्हा वाचली. ओळ बदलली नाही.

समोर तो आशेने बघत होता. काचेच्या पेटीत दिवस काढलेल्या एवढ्याशा जिवाच्या मामाला कोणत्या तोंडाने सांगायचं, की तुझी भाची म्हणजे दमलेली? आणि रानगाय... ते तर बोलायलाच नको. घाईघाईने तिला बायबलातली गोष्ट आठवली. तिथे लेआच्या डोळ्यांबद्दल एक शब्द आहे. त्याचा अर्थ कोणी 'अधू' करतं, कोणी 'कोवळे'.

"ही दोन बहिणींतली थोरली," ती म्हणाली. "हिचे डोळे... फार हळुवार होते, असं लिहिलंय."

"म्हणजे लेआ म्हणजे हळुवार डोळ्यांची?"

"...हं."

"हरिणीसारखी?"

"...हं."

'हं' हा फार सोयीचा शब्द. त्याला मागाहून होकार म्हणता येतं, नकार म्हणता येतं, अगदीच अंगाशी आलं तर खोकलाही म्हणता येतं. पण त्याने तो होकारच धरला. चेहरा असा उजळला की साखरला वाटलं, यासाठी एक 'हं' काही फार नाही.

त्यानंतर पाळणेवाल्याला साखरकडे यायला रोज नवं कारण सापडू लागलं. हरिणी उभी दाखवू की बसलेली? कान किती लांब? लेआच्या गोष्टीत झाडं कोणती? साखर सांगायची, तो ऐकायचा, आणि ऐकून झाल्यावरही उठायचा नाही. दातांचे डॉक्टर जिन्यात भेटले की विचारायचे, "काय हो, माझं कपाट लागलं तरी तुम्ही रोज कुणाच्या दुखण्यावर येताय?" बाबा खालून फक्त खाकरायचे.

एके दिवशी तो म्हणाला, "सगळं झालं. डोळे तेवढे जमत नाहीत. तुम्ही एकदा कारखान्यात येऊन बघाल?"

कारखाना म्हणजे गल्लीच्या टोकाला पत्र्याची लांबट शेड. एका बाजूला फळ्या उभ्या रचलेल्या, दुसरीकडे त्याची आत्या गादीला टाके घालत बसलेली. याला लहानपणापासून आत्यानेच वाढवलेलं. पाळणा तो करायचा, गादी ती. तिने साखरला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाली, "बस गं. हा हल्ली जेवतानासुद्धा जर्मनी-जर्मनी करतो. म्हटलं बघावं तरी कशी दिसते जर्मनी."

"आत्या," तो म्हणाला.

"मी कुठे काय म्हटलं?" आत्या पुन्हा सुईत दोरा ओवायला लागली.

पाळणा मधोमध उभा होता. साखर जवळ गेली आणि तिथेच थबकली. डोक्याकडच्या फळीवर हरिणी गवतात बसली होती, मान वळवून, जणू आत निजलेल्या बाळाकडे बघत. गवताची पात न् पात वेगळी. फक्त डोळ्यांच्या जागी लाकूड सपाट होतं.

"इथे या. उजेडाकडे," तो म्हणाला. "आता जरा खाली बघा... अजून. हं. आता सावकाश वर."

"हे कशाला?"

"हळुवार डोळे कसे असतात ते बघायचंय. माझ्या ओळखीत एवढेच आहेत."

बाहेर पावसाची सर आली. पत्र्यावर इतका आवाज झाला की पुढचं त्याला जवळ येऊन बोलावं लागलं. काय बोलला, तर "हलू नका". त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं, तरी साखरचे कान तापले. हातातल्या पटाशीने तो एवढं एवढं लाकूड उडवत होता, तिच्याकडे बघत होता, पुन्हा लाकडाकडे. कधीतरी पटाशी थांबली आणि नुसतं बघणंच उरलं. आत्याने सुई ठेवली आणि भर पावसात दुकानातून दोरा आणायला गेली, घरात दोऱ्याची रिळं पडलेली असताना.

"तुम्ही आलात म्हणून जमलं," तो म्हणाला. "फळी अडकली नसती तर मी सिंहीण कोरून मोकळा झालो असतो."

साखरने फळीकडे बघितलं. हरिणीच्या चेहऱ्यात तिचेच डोळे होते. तिला रडावंसं वाटलं, आणि ते आनंदाने नव्हतं.

पाळणा शनिवारी पेटीत भरून जहाजाने जायचा होता. शुक्रवारी सकाळी साखर दुकानात काउंटरमागे जाऊन बसली आणि बाबांना सगळं सांगून टाकलं. बाबा एक भिंग उजेडात धरून पुसत होते.

"गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून मी कमी नंबरचा चष्मा दिला तर काय होईल?" त्यांनी विचारलं.

"खांबावर आपटेल."

"आणि शिव्या कोणाला देईल?"

"तुम्हाला. पण बाबा, त्याने डोळे कोरलेत... माझे."

"मग तर लवकर जा," बाबा म्हणाले. "डोळे तुझे, आणि खोटंही तुझंच. पुढे ती पोर मोठी होईल, आपल्या नावाचा अर्थ वाचेल, आणि म्हणेल मामाला काही कळत नव्हतं."

हे साखरला सुचलंच नव्हतं. आपण त्याला वाचवतोय असं तिला वाटत होतं, आणि हसं मात्र त्याचं होणार होतं. ती उठली तशीच गेली.

तो पाळण्याचे पाय काढून कापडात गुंडाळत होता. तिला बघून हसला. ते हसू संपायच्या आत बोलायला हवं होतं, नाहीतर पुन्हा तोंडातून 'हं' निघालं असतं.

"लेआचा अर्थ हरिणी नाही," ती म्हणाली. "हळुवार डोळ्यांची, असाही नाही. ते तिच्या गोष्टीत आहे, नावात नाही. नावाचा अर्थ दमलेली. किंवा रानगाय. नक्की कोणालाच माहीत नाही, पण त्या पुस्तकात हेच दोन आहेत. मी त्याच दिवशी वाचलं होतं."

त्याचे हात थांबले. कोपऱ्यात आत्याची सुईही थांबली.

"त्याच दिवशी," तो म्हणाला.

"हो."

"रानगाय म्हणाला असतात तर मी रानगाय कोरली असती." आवाज चढलेला नव्हता, आणि तेच जास्त लागत होतं. "मला गोड अर्थ नको होता हो. गोड तर फोनवरही मिळत होता. मी खरा विचारायला आलो होतो."

"माहितेय."

"मग का?"

साखरने मान खाली घातली. मग वर केली, कारण खाली घातलेल्या मानेने त्याला पुन्हा तेच फळीवरचे हळुवार डोळे दिसले असते. "आधी त्या बाळाची दया आली. नंतर... रानगाय ऐकून कोण पुन्हा येतं? मला तुम्ही पुन्हा यायला हवे होतात."

त्याने कापडाची गुंडाळी पुन्हा हातात घेतली आणि म्हणाला, "आज तुम्ही जा."

ती गेली. घरी कोणाशी बोलली नाही, जेवली नाही. जन्मात पहिल्यांदा आपण एक वाक्य जसंच्या तसं बोललो आणि त्यातच सगळं गेलं, असं तिला वाटत राहिलं. बाबांनी दोनदा खाकरून बघितलं आणि नाद सोडला.

शनिवारी सकाळी जिन्यात पावलं वाजली. दातांचे डॉक्टर असे धावत वर येत नाहीत, एवढं तिला माहीत होतं. दार उघडं होतं. तो आत आला आणि या वेळी खुर्चीत नीट मागे टेकून बसला.

"पेटीवाल्याला आठवड्याने ये म्हटलंय," तो म्हणाला. "पुस्तक काढा. सगळं वाचा, काही गाळू नका. आणि नंतर ती गोष्टही सांगा, जशी आहे तशी. साखर घालायची नाही."

"हे नाव तुम्हाला कोणी सांगितलं?"

"खाली तुमच्या बाबांनी. मघाशी बराच वेळ बोलत होते. तुमचं भाषांतर ते वाईट करत नाहीत."

साखरने कोश उघडला आणि शब्दाला शब्द ठेवून वाचलं. मग गोष्ट सांगितली. थोरली लेआ, धाकटी देखणी राहेल. नवऱ्या मुलाला हवी होती राहेल. बापाने बुरख्याआड थोरलीला उभं केलं. सकाळी नवऱ्याला कळलं. तिच्या वाट्याला संसार आला, पण नवऱ्याचं मन आलं नाही. मुलगे मात्र झाले, आणि प्रत्येकाचं नाव तिने स्वतः ठेवलं, मनात जे होतं त्यावरून. पहिला झाला तेव्हा म्हणाली, देवाने माझं दुःख बघितलं. दुसऱ्याला म्हणाली, त्याने ऐकलं. तिसऱ्याला, आता तरी नवरा माझ्याशी जोडला जाईल. चौथ्याच्या वेळी नवऱ्याचा विषयच काढला नाही. म्हणाली, आता मी देवाचे आभार मानीन.

"म्हणजे हीसुद्धा नावाचा अर्थ कोरणारीच," तो म्हणाला.

"तिला नावं ठेवणारे पुष्कळ होते. तिने मात्र नावं दिली."

तो हसला नाही, पण ओठाचा एक कोपरा हलला. मग खिडकीबाहेर बघत राहिला. "काल रात्री मला त्या अर्थाचा राग आला होता. दमलेली, हे काय नाव झालं? मग पाळण्यापाशी जाऊन बसलो. आणि वाटलं, अहो, दमलेल्यालाच तर पाळणा लागतो. ताजंतवानं असेल त्याला कशाला? एवढी वर्षं मी दमलेल्यांसाठीच तर काम करतोय. ती पोर तर जन्मायच्या आधीपासून झगडून आलीय. तिने दमायचं नाही तर कोणी?"

साखरचे डोळे भरले. तिने पुसलेही नाहीत.

"आणि रानगाय?" तिने विचारलं.

"रानगायसुद्धा दमतच असेल की. दिवसभर हुंदडून."

नवी फळी त्याच दिवशी घेतली. साखर रोज संध्याकाळी कारखान्यात जाऊन बसू लागली आणि तिला पॉलिशपेपर घासायचं काम मिळालं. तिच्या हाताला फोड आले, तेव्हा त्याने फुंकर घातली. आत्याला पुन्हा दोरा संपल्याची आठवण झाली. फळीवर हळूहळू एक दांडगी रानगाय उमटली. शिंगं भक्कम, खांदे रुंद, पण पाय पोटाशी दुमडून, हनुवटी गवतावर टेकून गाढ झोपलेली. आईने अंगाईचा दुसरा शब्दही म्हणायच्या आत झोपलेल्या मुलासारखी. जुन्या हरिणीची फळी त्याने भिंतीला टांगली. आत्याने विचारलं, हिचं काय करायचं, तर म्हणाला, "ती विकायची नाही."

"ते राहू दे," आत्या म्हणाली. "पण विहिणीला न विचारता तिच्या नातीच्या उशाशी गाय पाठवणार आहेस? सोयरीक मोडायचीय का? आधी फोन लाव."

"ताई झोपली असेल."

"विहिणीलाच लाव. बोलायला ही आहे की."

असा फोन लागला. पडद्यावर पांढऱ्या आखूड केसांच्या एक बाई आल्या, खांद्यावर बाळ, मागे सोफ्यावर ताई तोंड उघडं टाकून झोपलेली. साखर मध्ये बसली. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला आत्या, समोर विहीणबाई. जन्मात तिला इतकं अवघड काम पडलं नव्हतं.

"सांग त्यांना," आत्या म्हणाली, "की आम्ही गाय कोरलीय, पण मनात वाईट काही नाही."

साखरने तस्संच सांगितलं. एक शब्द मऊ केला नाही. तिकडे विहीणबाईंनी फोन जवळ आणून फळी बघितली, चष्मा लावून बघितली, आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. बाळ त्यांच्या खांद्यावर खालीवर होऊ लागलं.

"काय म्हणतात? रागावल्या?" आत्याने विचारलं.

"हसतायत. म्हणतात, त्यांच्या आईचं नाव लेआ होतं. तिला दोन्ही अर्थ माहीत होते. ती म्हणायची, बाजारात जाते तेव्हा मी रानगाय, आणि घरी येते तेव्हा दमलेली. इतकं बरोबर चित्र तिचं कोणी काढलं नव्हतं, म्हणतात."

आत्याने हुश्श केलं. त्याने साखरकडे बघितलं, आणि त्या बघण्याचं भाषांतर करायची गरज नव्हती. पण विहीणबाई अनुभवी होत्या. त्यांनी चष्म्यावरून या दोघांकडे बघितलं आणि काहीतरी विचारलं. साखर एकदम मांडीवरचा भुसा झटकायला लागली.

"काय विचारतात?" तो म्हणाला.

"विचारतात... मध्ये बसलेली मुलगी कोण."

"मग मी सांगतो ते सांग. शब्दाला शब्द." तो पहिल्यांदाच तिला 'तू' म्हणाला होता, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं. "सांग, ही भाषांतर करते. माझ्याशी एकदा खोटं बोलली. मग कोणी पकडलं नसताना स्वतः येऊन खरं बोलली. मला ही फार आवडते. हिच्याशी लग्न करावं असं मला वाटतं, पण अजून विचारलेलं नाही, कारण मला भीती वाटते."

साखरने श्वास घेतला. समोर बघून, एकेक शब्द जागच्या जागी ठेवत, तिने ते सगळं जर्मनमध्ये सांगितलं. भीतीचा शब्द आला, तोही तिने बदलला नाही. विहीणबाई आता हसत नव्हत्या. त्यांनी हळूच एक प्रश्न विचारला.

"आता काय?"

"विचारतात, मग मुलगी काय म्हणते."

"मलाही तेच विचारायचंय," तो म्हणाला.

साखर पडद्याकडे वळली आणि जर्मनमध्ये बोलायला लागली. बरंच बोलली. मध्ये हसली, मध्ये थांबली, एकदा डोळे पुसले. विहीणबाई मान डोलवत होत्या आणि बाळाच्या पाठीवर थोपटत होत्या. आत्या एकदा हिच्या तोंडाकडे, एकदा तिच्या तोंडाकडे बघून थकली.

"अगं, मला कुठल्या तरी एका भाषेत सांगाल का कोणी?"

"सांगते," साखर म्हणाली आणि त्याच्याकडे वळली. "मऊ करून सांगू की जसंच्या तसं?"

"जसंच्या तसं."

"मी त्यांना म्हटलं, मुलगी हो म्हणते. म्हटलं, मुलगी रोज संध्याकाळी इथे लाकूड घासायला येत नव्हती, याला बघायला येत होती. आणि म्हटलं, याला भीती वाटते तेवढीच तिलाही वाटते, पण हा शेजारी बसला की कमी वाटते."

त्याने तिचा फोड आलेला हात आपल्या हातात घेतला आणि तसाच धरून बसला. पडद्यावरून विहीणबाईंनी पुन्हा काही विचारलं. साखर इतकी लाजली की आत्याला तिचा दंड हलवावा लागला.

"आता काय म्हणतात बाई?"

"म्हणतात, पुढच्या पाळण्याची मापं आत्ताच घेऊन ठेवा."